रास्पबेरी पायवरचा एसपीआय
आजचा दिवस रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डावर एसपीआय, म्हणजे बोर्ड आणि चिप यांच्यात तारांवरून डेटा देण्याघेण्याची पद्धत, सुरू करण्यात गेला. ही सोय मुळात बंद असते. कॉन्फिग फाइलमध्ये ती चालू करून बोर्ड रीबूट केल्यावरच दोन चिप सिलेक्टसाठीच्या (कोणत्या चिपशी बोलायचे ते ठरवणाऱ्या तारांसाठीच्या) दोन डिव्हाइस फाइली दिसू लागतात. आधी १९ (डेटा बाहेर पाठवणारी) आणि २१ (डेटा आत घेणारी) क्रमांकाच्या पिना एका जंपर वायरने जोडून, पाठवलेले बाइट जसेच्या तसे परत येतात हे पाहिले. अर्थात क्लॉक (डेटाचा ताल ठरवणारा सिग्नल) आणि चिप सिलेक्टची वायर बरोबर आहे की नाही, हे या चाचणीतून मुळीच कळत नाही. मग एमसीपी३००८ ही १० बिटांची एडीसी (व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर करणारी) चिप ३.३ व्होल्टवर जोडली (५ व्होल्ट दिल्यास बोर्डाच्या पिनेला धोका असतो), तिला जोडलेला पोटेन्शिओमीटर (व्होल्टेज कमीजास्त करणारा फिरता नॉब) फिरवला आणि स्क्रीनवरचा आकडा ० पासून १०२३ पर्यंत चढत गेला.