हात लावून बघायचा कोपरा

लेकीसाठी आणि पुतण्यासाठी गॅलरीत निसर्ग-विज्ञानाचा कोपरा करायचं ठरलं, तेव्हा मी एकच अट घातली. तिथल्या वस्तूंना मुलांना हात लावता आला पाहिजे. कपाटात काचेआड मांडलेल्या शंख-शिंपल्यांकडे मुलं आठवड्यानंतर ढुंकूनही बघत नाहीत.

सामान बहुतेक इथं कोल्हापुरातच मिळालं. गुजरीतून, म्हणजे सराफांच्या पेठेतून, सोनार डोळ्याला लावतात तसलं भिंग आणलं. बिघडलेल्या स्पीकरमधून लोहचुंबक निघालं. उद्यमनगरातल्या ओळखीच्या कारखान्यातून लोखंडाचा बारीक कीस मिळाला. तो पारदर्शक बाटलीत भरून झाकण पक्कं चिकटवून टाकलं. लेथवरचे वळ्यावळ्यांचे तुकडे दिसायला छान असतात, पण हात कापतो, ते घेतले नाहीत. पन्हाळ्याच्या बाजूचा जांभा आणि नेहमीचा काळा दगड शेजारी ठेवला. दोन्हींवर पाण्याचा थेंब सोडायचा. जांभा पाणी पिऊन टाकतो, काळ्या दगडावर थेंब तसाच बसून राहतो. का, हे मी सांगितलं नाही. भिंगातून जांभ्याची भोकं लेकीला स्वतःच दिसली.

हात लावायच्या नियमाला अपवाद फक्त अळ्यांचा. कुंडीतल्या कढीपत्त्यावर फुलपाखरं अंडी घालतात. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते. तिला डिवचलं तर डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. बरणीत ठेवायची असेल तर त्याच झाडाचा ताजा पाला रोज घालावा आणि आत एक उभी काडी ठेवावी. कोशातून बाहेर आलेल्या फुलपाखराला पंख वाळवायला लटकायला जागा लागते.

पण कोपरा खरा रंगला तो पावसाळ्यात. सरळ उभ्या बाजूंची बाटली घेतली, निमुळता भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवला. बाटलीचा तळ खडबडीत, म्हणून खाली खडे टाकून एका खुणेपर्यंत पाणी भरलं. ती खूण म्हणजे शून्य, तिथून वर पट्टी चिकटवली. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणून आम्हीही तेव्हाच मोजतो आणि पाणी परत खुणेपर्यंत आणतो. मुलं शाळेत असली की आज्जी वाचन घेतात. चष्मा पुसून, अगदी मनापासून.

त्याच वहीत मुलं पेपरातली पंचगंगा नदीची राजाराम बंधाऱ्याजवळची पातळीही लिहायला लागली. वरती लाल पेनानं इशारा 39 फूट, धोका 43 फूट. 2019 च्या महापुरात पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती, तेही आज्जींनी लिहून घेतलं. एका सकाळी बाटलीत जेमतेम चार मिलिमीटर पाऊस आणि नदी मात्र भराभर चढलेली. पुतण्या म्हणाला, "काकी, हितं पाऊस न्हाई, मग नदीला पाणी कुठनं आलं?"

या प्रश्नासाठीच तर हा सगळा खटाटोप होता. आम्ही फरशीवर खडूनं कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती काढल्या. पंचगंगा या नद्यांच्या पाण्यानं होते आणि त्या येतात पश्चिमेच्या डोंगरातून, जिथं शहरापेक्षा कितीतरी जास्त कोसळतं. भोगावतीवर राधानगरी धरण. ते भरलं की त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. शहरात ऊन असलं तरी तिकडचं पाणी वाटेत असतं. लेकीनं लगेच वहीत नवा रकाना आखला, "राधानगरीचे दरवाजे".

आता पुतण्याचा हट्ट आहे, गगनबावड्याला मामाकडंही अशीच बाटली ठेवायची. त्यानं ती स्वतः कापली आहे, फक्त धार मी घासून बोथट केली. रोज साडेआठला मामाला फोन करायचं काम त्याच्याकडं.