हातपाय धड, नजर मात्र अडलेली

पन्नाशी ओलांडलेले हे शेतकरी कॅज्युअल्टीत स्वतःच्या पायांनी चालत आले, एवढ्यावरूनच त्यांची गणना किरकोळ चकरेच्या रुग्णांत झाली होती. पहाटे धार काढताना गरगरले आणि एका म्हशीच्या दोन दिसू लागल्या. गावात पित्ताचे इंजेक्शन झाले, तालुक्याला मानेचा एक्स-रे निघून गळ्यात पट्टा चढला. चाळिशीनंतरच्या प्रत्येक चकरेचे खापर मणक्यांवर फोडण्याची आपल्या व्यवसायातली ही रीत कधी सुटणार, कोण जाणे.

“साहेब, तोंड वाकडं नाही, सीटी स्कॅन नॉर्मल आहे, मग अ‍ॅडमिट कशाला?” असे मुलाने विचारले. त्याला दोष देता येत नाही, कारण पक्षाघाताच्या फलकांवर बहुधा तोंड, हात आणि बोलणे एवढेच असते.

मान स्थिर ठेवायला सांगून मी बोट डावीकडे नेले, तर दोन्ही डोळे मध्यापलीकडे जाईनात. उजवीकडे नेले, तर डावा जागीच खिळलेला आणि उजवा तेवढा बाहेर जाऊन हिसके देऊ लागला. वर-खाली दोन्ही व्यवस्थित फिरत होते. बोट नाकाजवळ आणताच तोच अडून बसलेला डावा डोळा आत वळला. म्हणजे स्नायू आणि त्याचा मज्जातंतू शाबूत होता, बिघाड त्यांच्याही मागे होता. मेंदूच्या देठातल्या ‘पॉन्स’ या भागाच्या मागच्या बाजूला आडव्या नजरेचे केंद्र आणि दोन्ही डोळ्यांचा मेळ घालणारा तंतूंचा जुडगा इतके लगटून असतात, की एखादी बारीक रक्तवाहिनी बुजली तरी दोन्ही एकदम निकामी होतात. मेंदूविकारतज्ज्ञ मिलर फिशर यांनी १९६७ मध्ये याला ‘वन-अँड-अ-हाफ सिंड्रोम’ असे नाव दिले: एका बाजूची नजर पूर्ण गेलेली, दुसऱ्या बाजूची अर्धी. एमआरआयमध्ये नेमका तिथे, डाव्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका, म्हणजे पक्षाघाताची खूण, निघाला; कवटीच्या तळाच्या जाड हाडांमुळे सीटीत तो भाग नीट दिसतच नाही.

गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत उलटली होती, म्हणून नवी गुठळी होऊ नये यासाठी अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल सुरू केले. पण ते वेळेत आले असते तर? पक्षाघाताची तीव्रता मोजणाऱ्या एनआयएचएसएस तक्त्यातील ४२ गुणांपैकी हातापायांच्या लुळेपणाला १६ आणि नजरेला जास्तीत जास्त २ आहेत. एवढ्या कमी गुणांसाठी मेंदूत रक्तस्रावाची जोखीम घेऊ नये, असे माझे सहकारी म्हणतात. ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसाला दोन रस्ते दिसणे हे पांगळेपणच आहे आणि मी ते इंजेक्शन दिले असते, असे मी म्हणतो. आमचा हा वाद अजून मिटलेला नाही.