चार टक्के बॅटरी आणि छतावरचे तारे

मंगळवार, रात्री पावणेदहा

आज मोबाइलने दगा दिला. ऑफिसातून निघताना बॅटरी चार टक्के होती, स्टेशनच्या भुयारी मार्गात शिरेपर्यंत स्क्रीन काळी. महिन्याचा पास त्याच्यातच. टीसीला ‘पास आहे हो, फक्त दिसत नाहीये’ असं सांगायची माझी छाती नाही. म्हणून डोंबिवलीचं तिकीट काढायला सीएसएमटीच्या लोकलच्या तिकीटघरात रांगेला लागले.

पुढे पंधरा-वीस माणसं. हातात मोबाइल नाही, त्यामुळे नजर कुठे ठेवायची हाच प्रश्न. मग ती आपोआप वर गेली. निळं छत, त्यावर सोनेरी तारे. खांबांवरून कमानी उठतात आणि डोक्यावर एकमेकींत मिसळतात. या दालनाला ‘स्टार चेंबर’ म्हणतात, हे कधीतरी वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि खालून मान मोडेस्तोवर बघणं वेगळं. माझ्या शेजारचा खांब हात लावला तर गार लागला, आणि नेमका खांद्याच्या उंचीला जास्त चकचकीत होता. किती खांदे टेकले असतील तिथे!

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने ही इमारत उभी केली. काम 1878 साली सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं, खर्च सोळा लाखांच्या वर. दगडातलं नक्षीकाम, ती पानंफुलं, मोर, माकडं, यात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा हात होता. प्राध्यापक जॉन ग्रिफिथ्स यांचं नाव इतिहासात आहे. ज्या पोरांनी छिन्नी चालवली त्यांची नावं मात्र माझ्या तरी वाचनात कुठे आली नाहीत. दर्शनी भागावर नाना शंकरशेटांचा चेहरा आहे, तेवढंच एक ओळखीचं माणूस. घड्याळाखाली व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता. तो गेला, कोनाडा रिकामा राहिला. मला तो रिकामाच आवडतो.

एक गोष्ट आज पहिल्यांदा जाणवली. ही सगळी श्रीमंती, तो घुमट, ते जिने, रेल्वेच्या साहेबांच्या कचेऱ्यांसाठी. आपण जिथे गाडी पकडतो तिथे पत्र्याचं छप्पर, पंखे आणि इंडिकेटर. लोकलवाल्यांच्या वाट्याला आलेला थाट म्हणजे हे तिकीटघर. तोही तिष्ठत उभं राहणाऱ्यालाच दिसतो. पूर्वी रोज हजारो माणसं या ताऱ्यांखाली नाइलाजाने उभी राहायची. आता आम्ही मोबाइलवर पास काढतो आणि बाजूने सुसाट प्लॅटफॉर्मवर. बाबा अजून या स्टेशनला बोरीबंदरच म्हणतात. त्यांच्या आठवणीत इथली रांग आहे, छत नाही. विचारलं तर म्हणाले, “वर कोण बघतंय? खिसा सांभाळायचा की!” म्हणजे माझा सिद्धान्त घरीच पडला.

“ताई, कुठलं?” खिडकीतून दुसऱ्यांदा आवाज आला तेव्हा भानावर आले.

“डोंबिवली. एक, सिंगल.”

“सुटे द्या.”

सुटे नव्हते. मागच्या मावशींनी ‘आता हिचं काय’ असा सुस्कारा सोडला. पर्सच्या तळाशी चाचपून दहाची आणि पाचची नाणी निघाली, त्यात केसांचा चापही निघाला. तोवर माझी फास्ट गेली. पुढची पकडली, लेडीज डब्यात दाराशी उभी राहून आले. ठाण्याला कुणीतरी पायावर पाय दिला.

मोबाइल चार्जिंगला लावलाय. तिकीट मात्र टाकवलं नाही. डायरीच्या या पानात ठेवलंय, थोडं ओलं आहे, शाई लागेल बहुतेक.