३६-१ चाक बसलं, आता टायमिंगची खूण

डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरना ठिणगी वाटणारा जुना भाग) उतरवला, क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, पुलीवर ३६-१ चं ट्रिगर व्हील (सेन्सरसमोरून फिरणारं दातेरी चाक) बसवलं, आणि चार सिलिंडरचं इंजिन आता एकट्या क्रँक सेन्सरच्या भरवशावर चालतंय.

चाकावर ३६ दात्यांची जागा, त्यातला एक गायब. दर दात्याला १० अंश. रिकामी जागा गेली की ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) क्रँक कुठे आहे ते कळतं. दोन दात्यांमधले अंश तो मागच्या दात्याला लागलेल्या वेळेवरून काढतो. स्टार्टर मारताना इथेच गोची होते. पिस्टन कॉम्प्रेशनवर चढताना क्रँक मंदावतो, पलीकडे गेला की सुटतो, त्यामुळे मागच्या दात्याचा हिशोब पुढच्याला लागू पडत नाही. म्हणून स्टार्टिंगला ॲडव्हान्स (पिस्टन वर पोचायच्या किती अंश आधी ठिणगी पाडायची तो आकडा) कमी आणि ठरावीक ठेवलाय.

सेन्सर व्हीआर, म्हणजे चुंबक आणि कॉइलचा, दोन वायरींचा. त्याचं व्होल्टेज वेगाबरोबर वाढतं, त्यामुळे स्टार्टरच्या वेगाला सिग्नल अगदी मरतुकडा. सेन्सर आणि दात्यांमधली फट एक मिलिमीटरच्या आत आणल्यावर ऑसिलोस्कोपवर दाते नीट मोजता आले. वायरींची दिशाही तिथेच बघून घ्या. दाता समोरून जाताना रेघ झपकन शून्य ओलांडते, ईसीयूला तीच कड हवी. उलट जोडलं तर दात्यांमधली संथ कड धरली जाते, गायब दात्यापाशी ती आणखी ढिली पडते आणि टायमिंग भटकतं. हॉल सेन्सरला (चुंबकक्षेत्र ओळखणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सेन्सरला) ही कटकट नाही, पण त्याला वेगळा पुरवठा लागतो.

मग टायमिंग लाइट, ठिणगीबरोबर चमकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा. ॲडव्हान्स १० अंशांवर लॉक केला आणि पुलीवरची खूण १० वर येईपर्यंत ट्रिगर अँगल (गायब दाता आणि पिस्टनची वरची जागा यांतलं अंतर, ईसीयूत भरायचा आकडा) बदलला. खूण सगळ्या वेगांना सारखीच चुकत असेल तर काळजी नाही, आकडा बदलला की झालं. वेगाबरोबर ती सरकायला लागली तर मात्र सिग्नलच्या वाटेत कुठेतरी उशीर होतोय. ६००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ३६ अंश फिरतो; ५० मायक्रोसेकंदांचा उशीर म्हणजे स्पार्क १.८ अंश मागे. १००० ला तोच उशीर ०.३ अंशांचा, डोळ्याला दिसणारही नाही. नुसत्या आयडलवर तपासून समाधान मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. माझी खूण ३००० पर्यंत जागची हलत नाही, वरचं अजून बघायचंय.

कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा फिरणारा) सेन्सर नाही. क्रँक ७२० अंशांत तीच जागा दोनदा दाखवतो; कॉम्प्रेशन की एक्झॉस्ट, हे त्याला सांगता येत नाही. म्हणून सध्या वेस्टेड स्पार्क, म्हणजे जोडीतल्या दोन्ही सिलिंडरांत एकदम ठिणगी, त्यातली एक वाया; १-४ आणि २-३ च्या जोड्या. ठिणगीपुरतं तेवढं बास. सिक्वेन्शियल इंजेक्शनचं (प्रत्येक सिलिंडरला त्याच्या वेळेला वेगळं इंधन) मनावर घेतलं तर कॅमच्या पुलीवर एक चुंबक आणि समोर हॉल सेन्सर लावेन.