एकच विषय, पूर्ण हंगामभर: आयर्लंडच्या नागरिक सभेवर बोलता बोलता सुधारलेले इंग्रजी

जगातील समाज, संस्कृती आणि चालू घडामोडी यांवर इंग्रजीतून चर्चा करणाऱ्या आमच्या छोट्या गटाने यंदा पावसाळ्याच्या सुरुवातीला दर रविवारी नवा विषय घेण्याची पद्धत थांबवली आणि एकाच देशातील एकाच प्रश्नाशी पूर्ण हंगामभर राहायचे ठरवले. आज ब्राझील, पुढच्या आठवड्यात जपान, त्यानंतर कृत्रिम बुद्धिमत्ता, अशा फिरतीत प्रत्येक विषयाचे शब्द तोंडात बसण्याआधीच मागे पडत आणि सगळेच जण ‘एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स’ यासारख्या कुठेही चालणाऱ्या वाक्यांचा आधार घेत. भाषाशिक्षणाचे अभ्यासक स्टीफन क्रॅशन यांनी एकाच विषयावर किंवा एकाच लेखकाचे सलग वाचण्याचा पुरस्कार अनेक वर्षांपूर्वी केला आहे. तेच शब्द आणि तीच पार्श्वभूमी पुन्हा पुन्हा भेटल्यामुळे मजकूर आपोआप सोपा होत जातो, हे त्यामागचे कारण आहे. हेच तत्त्व बोलण्याला लावून पाहावे, असा आमचा विचार होता.

विषय निवडला तो आयर्लंडच्या नागरिक सभेचा, म्हणजे अवघड सार्वजनिक प्रश्नांवर विचार करून संसदेला शिफारशी करणाऱ्या सामान्य नागरिकांच्या सभेचा. 2016 साली तेथे 99 सामान्य नागरिक आणि अध्यक्षपदी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश मेरी लॅफॉय, अशी सभा स्थापन झाली. वय, लिंग, सामाजिक स्तर आणि प्रदेश यांचा विचार करून समाजाचे प्रतिबिंब पडेल अशा रीतीने हे नागरिक निवडले होते. त्यांच्यासमोरील पहिला प्रश्न सर्वांत अवघड होता: गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी घालणारी, 1983 साली राज्यघटनेत आलेली आठवी दुरुस्ती ठेवायची की नाही. डब्लिनजवळच्या मॅलहाइड येथील हॉटेलात शनिवार-रविवारी बैठका होत. सभासद गोल टेबलांभोवती बसत, प्रत्येक टेबलावर चर्चा पुढे नेणारी एक आणि टिपणे घेणारी एक व्यक्ती असे, आणि तज्ज्ञांची भाषणे, दोन्ही बाजूंच्या संघटनांची मांडणी व प्रत्यक्ष अनुभव ऐकून झाल्यावर गुप्त मतदान होई. ही दुरुस्ती आहे तशीच ठेवू नये, असे 87 टक्के सभासदांनी ठरवले. पुढे संसदीय समिती आणि मग 25 मे 2018 चे सार्वमत, ज्यात 66.4 टक्के मतदारांनी ती रद्द करण्याच्या बाजूने कौल दिला.

या विषयाचा मोठा फायदा म्हणजे उघड्या सत्रांचे चित्रीकरण इंटरनेटवर उपलब्ध आहे आणि त्यात तज्ज्ञ बोलतात ते कायदा वा वैद्यक न शिकलेल्या माणसांसाठी. त्यामुळे गंभीर विषय असूनही वाक्ये स्वच्छ आणि उदाहरणांसह येतात. आयरिश उच्चारांची धास्तीही लवकर गेली. इंग्रजीतील ‘थ’ अनेक आयरिश लोक जिभेचे टोक दातांना टेकवून, आपल्या ‘त’च्या जवळपास उच्चारतात आणि शब्दाच्या शेवटचा ‘र’ गिळून टाकत नाहीत. लंडनच्या बातमीदारापेक्षा डब्लिनचा वक्ता आमच्या गटातील बहुतेकांना अधिक स्पष्ट ऐकू आला. उच्चारांच्या भीतीने केवळ बीबीसीच ऐकणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर करावा.

बोलण्याच्या सरावासाठी आम्ही चार-तीन-दोन ही पद्धत वापरली. कीथ मॉरिस यांनी 1983 साली मांडलेली आणि पॉल नेशन यांनी पुढे प्रसिद्ध केलेली ही पद्धत साधी आहे: तीच माहिती आधी एका श्रोत्याला चार मिनिटांत, मग दुसऱ्याला तीन मिनिटांत आणि शेवटी तिसऱ्याला दोन मिनिटांत सांगायची. श्रोता बदलत असल्यामुळे पुनरुक्ती कृत्रिम वाटत नाही. परिणाम नेमका कुठे दिसतो, हे गटातील एका सभासदाच्या ध्वनिमुद्रणावरून सांगतो. चार मिनिटांच्या फेरीत त्यांनी म्हटले होते, ‘देअर वेअर नाइन्टी-नाइन सिटिझन्स. दे वेअर नॉट पॉलिटिशियन्स. दे वेअर सिलेक्टेड. दे मेट ऑन वीकएन्ड्स.’ दोन मिनिटांच्या फेरीत तेच असे आले: ‘नाइन्टी-नाइन सिटिझन्स, नन ऑफ देम पॉलिटिशियन्स, वेअर सिलेक्टेड टू मीट ऑन वीकएन्ड्स.’ कोणीही व्याकरण शिकवले नव्हते. वेळ कमी पडला म्हणून चार वाक्ये एकात मिसळली आणि थांबे वाक्याच्या मधून निघून वाक्याच्या शेवटी गेले. माझ्या मते ओघवतेपणा म्हणतात तो हाच. वेगाने बोलणे ही निराळी गोष्ट आहे आणि तिच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

विषयच व्याकरण कसे मागून घेतो, हेही येथे दिसले. ‘असे झाले नसते तर’ या प्रकारची वाक्यरचना पुस्तकातून घोकताना कंटाळवाणी वाटते, परंतु सभा भरलीच नसती तर हा प्रश्न मतदारांपर्यंत पोहोचला असता का, यावर वाद सुरू झाला की तिच्याशिवाय एक पाऊल पुढे जाता येत नाही. ‘इफ द असेम्ब्ली हॅड नॉट मेट, द क्वेश्चन माइट नेव्हर हॅव रीच्ड द व्होटर्स,’ हे वाक्य गटात इतक्या वेळा आणि इतक्या रूपांत आले की आता ते आठवावे लागत नाही.

सर्वांत कसोटीची बैठक ठरली ती सविता हलप्पनवार यांच्याविषयीची. मूळच्या बेळगावच्या या दंतवैद्य तरुणीचा 2012 साली गॉलवे येथे, गर्भ वाचण्याची शक्यता नसतानाही गर्भपाताची विनंती नाकारली गेल्यानंतर, जंतुसंसर्गाने मृत्यू झाला आणि आयर्लंडमधील वादाला त्या घटनेने नवे वळण मिळाले. आमच्या गटात बेळगावच्या एक ताई आहेत. त्यांना या विषयावर संताप लपवता येत नव्हता आणि लपवावा असे कोणाला वाटतही नव्हते. प्रश्न होता तो परक्या भाषेत संताप आणि युक्तिवाद दोन्ही सांभाळण्याचा. त्याच बैठकीपासून आम्ही एक नियम केला, की समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत असे मांडायचे की ‘होय, मला हेच म्हणायचे होते’ असे त्याने कबूल करावे, आणि त्यानंतरच उत्तर द्यायचे. दुरुस्ती कायम ठेवण्याच्या बाजूची मांडणी ताईंनी स्वतः केली, सावकाश आणि कोठेही न डिवचता. इंग्रजीच्या कोणत्याही परीक्षेतील गुणांपेक्षा ती पाच मिनिटे मला मोलाची वाटतात.

नागरिक सभेच्या कामकाजाच्या तत्त्वांत मोकळेपणा, न्याय्यता आणि परस्परांविषयी आदर यांच्या जोडीला प्रत्येकाच्या आवाजाला समान स्थान हे एक तत्त्व होते. ते आम्ही जसेच्या तसे उचलले. ज्यांचे इंग्रजी अधिक चांगले आहे त्यांनी प्रत्येक फेरीत शेवटी बोलायचे, एवढा एकच बदल केल्यावर एरवी केवळ मान डोलावणारे दोघे जण नियमित बोलू लागले.

अखेरच्या टप्प्यात गडचिरोलीच्या एका सभासदाने मेंढा लेखा गावाची माहिती इंग्रजीतून दिली. तेथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होतात, अभ्यास गट आधी प्रश्नाचा कस लावतो आणि 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. आयर्लंडसाठी कमावलेले सगळे शब्द येथे कामी आले आणि मतदान की सहमती या प्रश्नावर चर्चा ठरलेल्या वेळेपेक्षा बरीच लांबली. सार्वमताच्या वेळी आयर्लंडचे पंतप्रधान असलेले लिओ वराडकर यांचे घराणे मालवण तालुक्यातील वराडचे, हाही उल्लेख झाला. मात्र त्यावर फार रेंगाळलो नाही, कारण अभिमानाच्या विषयात वाद होत नाही आणि वादाशिवाय सराव होत नाही.

मध्ये एका बैठकीत न्यूझीलंडच्या व्हांगानुई नदीला 2017 साली मिळालेले कायदेशीर व्यक्तित्व, म्हणजे कायद्यापुढे व्यक्तीसारखे स्थान, आणि त्याच वर्षी गंगा-यमुनेबाबत उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिलेला व सर्वोच्च न्यायालयाने स्थगित केलेला निर्णय यांची तुलनाही केली. ती चांगली झाली, तरी एकाच बैठकीचा विषय असल्यामुळे शब्द टिकले नाहीत.

तीन-चार आयरिश वक्ते एकमेकांचे बोलणे तोडत बोलू लागले की धागा अजून सुटतो. त्यासाठी मार्च 2024 मध्ये कुटुंब आणि घरातील शुश्रूषा यांसंबंधी तेथे झालेल्या, आणि मतदारांनी फेटाळलेल्या, दोन सार्वमतांआधीचे वादविवाद निवडले आहेत. प्रत्येक भाग आधी उपशीर्षकांशिवाय, मग त्यांच्यासह आणि पुन्हा त्यांच्याशिवाय ऐकायचा आहे. दिवाळीनंतरच्या हंगामासाठी रवांडाची गचाचा न्यायालये, म्हणजे वंशसंहारानंतर गावोगावी भरलेली लोकन्यायालये, हा विषय ठरला असून पहिल्या बैठकीसाठी प्रत्येकाने एका बाजूची चार मिनिटांची मांडणी तयार करून आणायची आहे.