सेशन झालं तरच पैसे

शुक्रवार, रात्री

दुपारच्या दोन्ही बॅचेस गेल्या. सकाळपासून पाऊस, एका पोराला ताप, दुसऱ्याच्या आईचा ऐनवेळी मेसेज. आमच्याकडे हिशेब सरळ आहे, मूल आलं तर सेशन, सेशन झालं तर पैसे. मी मात्र कोपरखैरण्याच्या ऑक्युपेशनल थेरपी सेंटरवर (रोजची कामं स्वतःची स्वतः जमावीत म्हणून सराव करून घेतात ते) होतेच, थेरपिस्ट मॅडमची मदतनीस म्हणून. बॉल पूलमधले चेंडू बादलीत घालून धुतले, झोपाळ्याचे हूक तपासले, बोटांच्या व्यायामाची सुकलेली पुट्टी फेकली. याला सेशन म्हणत नाहीत.

संध्याकाळी ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला, पेशंटच्या घरी व्हिजिटला. काकांची उजवी बाजू लकव्याने गेलीय. मॅडमनी प्लॅन लिहून दिलाय, करून घ्यायचं मी. आज शर्ट. घालताना अधू हात आधी बाहीत, काढताना तोच शेवटी. काकू दारातून, "अगं, मीच घालते ना पटकन!" त्यांना थोपवणं हेही माझंच काम. काकांनी डाव्या हाताने मधलं बटण काजात सरकवलं, सुटलं, पुन्हा सरकवलं. घामाघूम झाले, पण तोंडावर काय मिजास! पाऊण तासाचे पैसे मिळतात. हे बटण तेवढ्यात बसत नाही. जायचा-यायचा वेळ तर कुणी धरतच नाही. त्यांना पलंगावरून खुर्चीत घेताना गुडघे वाकवून घेतलं, तरी कंबर आता बोलतेय.

ईएसआयसीचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचं, विचारलं होतं. त्याला निदान 10 माणसं लागतात. आम्ही झाडूवाल्या मावशी धरून सहा. पगार 21,000 च्या आत हवा, ती अट मात्र मी आरामात पूर्ण करते! 2021 च्या कायद्याने या क्षेत्रातल्या लोकांची नोंदणी आणली, पण तिथे अलाइड हेल्थवाल्यांनासुद्धा (उपचारात मदत करणारे तंत्रज्ञ वगैरे) किमान 2000 तासांचं शिक्षण लागतं. माझं बीए, आणि बाकी सगळं मॅडमच्या शेजारी उभं राहून शिकलेलं. म्हणजे मी कुठल्याच यादीत नाही.

मॅडम वाईट नाहीत. गाळ्याचं भाडं त्यांनाही सुटत नाही, हे दिसतं. पण पोर आजारी पडलं तर त्याचा खड्डा माझ्याच पगाराला का?

सोमवारी पगारवाढ नाही मागणार. व्हिजिटचं रिक्षाभाडं, आणि ऐनवेळी रद्द झालं तर अर्धे पैसे, एवढंच. ताई म्हणते तोंडी बोलू नकोस, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून टाक.