बर्फ पाहिजे

मे महिन्यातल्या एका रविवारी पहाटे पावणेसहाला सिक्युरिटीवाल्या दादांचा फोन आला. "मॅडम, तुमच्या लॅबमध्ये काहीतरी टीं-टीं वाजतंय. रात्रीपासनं वाजतंय. एसीचं असेल म्हणून आम्ही लक्ष नाही दिलं."

एसीचं नव्हतं. घणसोलीहून रिक्षा करून पोचले तेव्हा उणे ८० अंशांच्या डीप फ्रीजरवर आकडा होता उणे ११. वीज चालू होती, कॉम्प्रेसर गेला होता. वरच्या कप्प्यातली एक ट्यूब उचलून तिरकी केली, तर आतलं पाणी हललं.

मी ठाणे खाडीच्या चिखलावर पीएचडी करते. लोक ऐरोलीला फ्लेमिंगो बघायला येतात. ते पक्षी ज्या चिखलात चोच खुपसून चरतात, त्या चिखलातले जीवाणू हा माझा विषय. २०१५ मध्ये ही खाडी अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. पण एका काठाला टीटीसीची एमआयडीसी, म्हणजे कारखान्यांची वसाहत आहे, दोन्ही काठांना शहरांचं सांडपाणी, आणि ते सगळं शेवटी चिखलात बसतं. तिथे जीवाणू कोणते राहतात हे डीएनएवरून कळतं. त्यातलं आत्ता या घडीला कोण काय काम करतंय हे आरएनएवरून. डीएनए तसा दणकट असतो, थोडी हेळसांड सोसतो. आरएनए मात्र वितळला की गेलाच. चिखलात त्याला कुरतडणारी एन्झाइम्स भरलेली असतात, ती थंडीमुळेच झोपलेली असतात.

तर त्या ट्यूबमधलं पाणी हललं, म्हणजे दोन हिवाळ्यांचा आरएनए गेला. हे मला तिथल्या तिथे कळलं. रडू वगैरे काही आलं नाही. खालच्या तीन कप्प्यांत तीन वर्षांचे डीएनएचे नमुने अजून कडक होते, आणि आकडा तेवढ्यात उणे १० झाला होता.

सरांना, म्हणजे माझ्या गाइडना, फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. शेजारच्या विभागाच्या डीप फ्रीजरची किल्ली ज्या मॅडमकडे, त्या लग्नाला गावी गेलेल्या. आमचा उणे २० चा फ्रीजर किट्सनी गच्च. ड्राय आइसवाल्याचं दुकान रविवारी बंद.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. तेव्हा माझं पाचवं वर्ष चालू होतं. नियमाने सहा वर्षं, त्यानंतर पुन्हा नोंदणी करून आणखी दोन. सीनियर फेलोशिप कागदावर महिना ४२,००० रुपये, पण फेब्रुवारीपासून खात्यात शून्य. ऑफिसात विचारलं की "वरून आलं नाही" हे एकच उत्तर, आणि हे 'वर' नक्की कुठे ते कोणालाच ठाऊक नाही. पहाटे तीनला जाग यायची. घरून आईचा फोन आला की "मस्त चाललंय". मामी विचारायची, "अजून किती वर्षं गं?" तर मी हसायचे. मला मदत हवी आहे, हे वाक्य मी वर्षभरात कोणालाही म्हटलं नव्हतं. मुळात कसली मदत, हेच मला सांगता आलं नसतं.

त्या सकाळी मात्र सांगता येत होतं. बर्फ पाहिजे.

मला खाडीत नेणारे नाखवा ऐरोलीकडच्या कोळीवाड्यातले. अमावास्या-पौर्णिमेला सकाळी सहा-साडेसहाची ओहोटी फार लांब जाते, चिखल उघडा पडतो, निवट्या (चिखलातले मासे) उड्या मारायला लागतात, तेव्हा आम्ही नमुने घेतो. चार वर्षांत नाखवांशी माझं बोलणं म्हणजे तिथी, वेळ आणि भाडं. त्यांना फोन करून म्हटलं, "नाखवा, बर्फ पाहिजे. आणि खडे मीठ. आत्ता."

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग, "कवरा बरफ पायजे तुना?"

का, कशाला, काही नाही. कवरा, म्हणजे केवढा.

रविवार म्हणजे मासळीचा दिवस, कोळीवाड्यात बर्फाला तोटा नव्हता. सव्वासातला त्यांचा मुलगा टेंपो घेऊन गेटवर आला. चार लाद्या, गोणीभर मीठ, थर्माकोलच्या मासळीच्या सहा पेट्या. पेट्यांना बोंबलाचा वास असा होता की लॅबमधून तो पुढे आठवडाभर गेला नाही. आमच्या लॅबचे मामा सुट्टी असून कोपरखैरण्याहून स्कूटरवर आले होते. त्यांना कोणी कळवलं, मी अजून विचारलेलं नाही. त्यांनी आणि त्या मुलाने लाद्या गोणपाटात गुंडाळून फोडल्या. मी नमुने दुहेरी पिशव्यांत भरत होते. कुल्फीवाल्याची युक्ती: नुसता बर्फ शून्यावर अडतो, मीठ मिसळलं की खाली उतरतो. पुस्तकात उणे २१ लिहिलंय. आमच्या पेटीत उणे १६ आलं. उणे १६ चालणार होतं.

मग दुसरा फोन. खारघरच्या एका संस्थेत माझी एक सीनियर पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन करते. तिला "कशी आहेस" असा मेसेज करूनही सहा महिने झाले होते, त्यामुळे फोन करताना लाज वाटली. ती म्हणाली, "दोन रॅक रिकामे करते, किती वाजता पोचतेस?"

ठाणे-बेलापूर रस्त्याने मी टेंपोच्या मागे, पेट्यांना धरून बसले. तुर्भ्याच्या सिग्नलला एका पेटीचं झाकण सरकलं, ते मी दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि तिथे रडू फुटलं. शेजारच्या रिक्षातली बाई बघत होती. तिला काय वाटलं असेल देव जाणे, मासळीच्या पेटीला मिठी मारून रडणारी मुलगी.

खारघरला नमुने आत गेले, दार लागलं, आकडा खाली उतरायला लागला. मग कॅन्टीनमध्ये चहा घेताना सीनियरला सगळं सांगितलं. फेलोशिप, तीन वाजता येणारी जाग, मामी, सगळं. तिने उपदेश केला नाही. स्वतःच्या फोनमधला एक नंबर दाखवला. १४४१६. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालते. "मी चौथ्या वर्षी केला होता," ती म्हणाली. हिने! जिचे पेपर आम्ही मान वर करून बघायचो.

तीन दिवसांनी मी केला. पलीकडची बाई मराठीत बोलली. झोप किती, जेवण काय, सोबत कोण असतं, असे साधे प्रश्न. पंचवीस मिनिटं गेली. त्या रात्री झोप लागली असं काही झालं नाही, पण पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेले.

सरांचा मेसेज रविवारी रात्री आला: काय गेलं त्याची यादी करा. एवढंच. मी फोन भिंतीवर फेकणार होते. सोमवारी ते स्वतः लॅबमध्ये आले, स्टुलावर बसले आणि यादी वाचून म्हणाले, "आरएनएचं प्रकरण काढून टाका. डीएनएवर प्रबंध उभा राहतो. समितीसमोर मी बोलतो." प्रबंध होईल की नाही म्हणून मी वर्षभर घाबरत होते, त्याचं उत्तर एवढं छोटं होतं. मला आधी रागच आला, हे आधी सांगता आलं नसतं का? मग लक्षात आलं की मीही विचारलं नव्हतं. तरीही राग थोडा आहेच. दोघांपैकी पगार त्यांना वेळेवर मिळतो.

फेलोशिप जुलैत आली, सगळी एकदम. नाखवांनी बर्फाचे आणि मिठाचे पैसे घेतले, टेंपोचे घेतले नाहीत. दोन पेट्या मात्र परत मागितल्या, चांगल्या होत्या म्हणे.

फ्रीजरला आता नवा कॉम्प्रेसर आहे आणि दारावर चिकटवलेला एक कागद. अलार्म वाजला तर कोणाला फोन करायचा त्याचे चार नंबर: मी, मामा, सर. चौथ्यापुढे नाव लिहिलेलं नाही, फक्त 'बर्फ'. परवा एक नवीन ज्युनियर विचारत होती की ही कंपनी कुठली.